दवाखान्याच्या बाकावरची मावशी

"बस वं बाई, दवाखाना आपला हाये!" असं म्हणत मावशी दवाखान्याच्या ओसरीतल्या बाकावर थाप मारायची, आणि घाबरलेली बाई निमूट तिच्याशेजारी टेकायची.

तुमच्याही गावात असेल अशी एखादी. गावानं श्रमदानातून दवाखाना बांधला, तेव्हा हिनं डोक्यावरून माती वाहिली होती. "ह्या भिंतीत माह्या टोपल्यातली माती हाये," हे मला रोज ऐकावं लागे. मी तिथली नर्स, अकोल्याहून शिकून आलेली. पण सुई टोचून घ्यायच्या आधी बाया बघायच्या तिच्याकडे! तिनं मान हलवली की मगच दंड पुढे. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

दवाखाना सकाळीच उघडा असे, आणि कापूस वेचणीत बाया तेव्हा वावरात. वेळ बदला म्हणून मी डॉक्टरसाहेबांच्या किती विनवण्या केल्या, पण साहेब ढिम्म. एकदा ते बडनेऱ्याहून चावडीवर सभेला आले, तर मावशी उभीच राहिली. "साहेब, आमी घरी येतो तं तुमचं कुलूप. मंग दवाखाना कोनासाठी, ढोरायसाठी?"

चावडी हसली, साहेबही हसले. त्याच आठवड्यात संध्याकाळचा दवाखाना सुरू झाला, अन् बोलबाला मावशीचा! आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, म्हणतात ते काही खोटं नाही.

बाळंतपणं मी करायची, अन् लोक आधी पाया पडायचे तिच्या.

मग माझीच वेळ आली, त्याच दवाखान्यात, त्याच खाटेवर. कळा सोसेनात तेव्हा मी आईला हाक मारली नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. "मावशीला बोलवा!" म्हणून ओरडले.

ती वावरातून तशीच आली. बोटांवर बोंडांचे ओरखडे. "कावून रडून राहिली वं पोरी? दवाखाना आपलाच हाये," म्हणत तिनं हात धरला, तो मुलगी होईपर्यंत सोडला नाही. त्या कळांतही मनात आलंच, मला का कुणी अशी हाक मारत नाही?

पुढे मावशी वारली. बाया ओसरीपर्यंत यायच्या, रिकामा बाक बघून परत फिरायच्या. मेल्यावरही मान तिचाच! शेवटी एका संध्याकाळी मीच जाऊन बाकावर बसले. एक म्हातारी आली, शेजारी टेकली, सवयीनं हात पुढे केला. मी धरला.

"मावशीचा हात खरबड राहे वं," ती म्हणाली.

"आता हाच आहे," मी फणकाऱ्यानं म्हटलं, पण हात सोडला नाही.

तिनंही नाही.