समोरच्या दारातली पुस्तकं

दार किलकिलं ठेवून भाजी निवडायची माझी सवय. समोर केतकीचं दार. ती आयटीवाली, लेक इरा पाच वर्षांची. किस्से गोळा करायला मला कुठं जावंच लागत नाही, तेच चपला काढून आत येतात!

केतकी इरासाठी चित्रांची पुस्तकं मागवते. सगळी मुलींनी धीट व्हावं, अशी. आता त्यातली अर्धीअधिक मीच वाचून दाखवते.

*

एका पुस्तकात बाबा पोळ्या लाटतात. इरानं ते थेट आपल्या बाबापुढे धरलं.

"राणी, मला ऑफिसचं काम आहे गं."

"ह्या बाबांनापण आहे. बघ, लॅपटॉप ओट्यावर ठेवलाय!"

लाटली बिचाऱ्यानं. मी मुद्दाम साखर मागायला गेले. पोळीला मधोमध भोक!

"आजी, ती खिडकी आहे," इरा म्हणाली. बापाची बाजू घ्यावी तर अशी!

*

दुसऱ्यात एक बाई ट्रॅक्टर चालवते. मी म्हटलं, "हिचा पदर बघ, चाकात जाईल! धायरीची माझी वहिनी आधी पदर कमरेला खोचते, मग किल्ली फिरवते."

इरानं खडू आणला आणि पुस्तकातल्या बाईचा पदर खोचून दिला. केतकी बघतच राहिली. "काकू, नवीन पुस्तक होतं हो!"

"आता बरोबर झालं," मी म्हटलं.

*

एकदा राजकन्या राक्षसाला पळवून लावते. पान उलटलं, तर पुस्तक संपलं!

"अगं, हिचं लग्न?"

"नाहीये."

"मग शेवटी काय होतं?"

"ती झोपते. दमलीये ना!"

त्या दुपारी मीसुद्धा भांडी तशीच ठेवून आडवी झाले.

*

मग ते नावाचं पुस्तक आलं. त्यातली मुलगी दप्तरावर, झाडावर, सगळीकडे आपलं नाव लिहिते.

"आजी, तुझं नाव?"

"सुनीता."

"लहानपणापासून?"

आता काय सांगणार? लग्नात ह्यांनी तबकातल्या तांदळावर अंगठीनं "सुनीता" लिहिलं. माझं नाव सासूबाईंना गावंढळ वाटायचं. माहेरी भाऊ ताई म्हणतो, वहिनी वन्सं. वडील गेल्यापासून ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. आणि हे मला नुसतं "अगं" म्हणतात.

मी इराच्या कानात सांगितलं, "शेवंता. कुणाला सांगू नकोस हं."

"प्रॉमिस!"

*

पाच वर्षांच्या पोरीचं प्रॉमिस! आठवड्यानं कुरिअरवाला आला. माझे हात कणकेत, म्हणून हे दाराशी गेले. समोर केतकी आणि इरा दारात उभ्या, एकमेकींकडे बघून हसताहेत.

"पुस्तकाचं पार्सल आहे. शेवंता कोण?"

आता हे म्हणणार, पत्ता चुकला. ह्यांना ते नाव कुठलं आठवायला! आणि पार्सल परत जायला निघालं, तर मी तरी कुठल्या तोंडानं ते माझं म्हणणार?

ह्यांनी चष्मा लावला. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं.

"पस्तीस वर्षं इथेच राहतात," कुरिअरवाल्याला म्हणाले. मग आत वळून हाक मारली,

"शेवंता, हात धुऊन ये. सही तुझी लागेल."