उभ्या जीपचे चार हजार मैल

बदलापूर गाव ते उल्हासनगर हा प्रवास तुम्ही आज रिक्षात बसून, फोनवरचं बोलणं संपायच्या आत उरकाल. आम्हाला सकाळपासून दुपार टळेपर्यंत वेळ लागला होता, आणि तोही जीपमधून! जीपच्या पुढे दोन बैल जुंपलेले होते. नातीने हा ब्लॉग काढून दिलाय, तर पहिला मान त्या प्रवासाला.

गोष्ट पन्नासनंतरच्या दोन-चार वर्षांतली. माझ्या मामाने स्वतःची बैलजोडी विकून लष्कराने मोडीत काढलेली जीप घेतली. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी शेठने तिच्यात दुरुस्त केलेलं इंजिन बसवून दिलं आणि वर लेखी गॅरंटी दिली: सहा महिने किंवा तीन हजार मैल, जे आधी होईल ते. अडीच महिन्यांत इंजिन जाम झालं. शेठने निरोप धाडला, गाडी इथे आणा. बंद गाडी आणायची कशी, हे त्याने सांगितलं नाही. शेवटी शेजारच्या दगडूकाकांनी आपले बैल दिले आणि स्वतःही निघाले. कागद इंग्रजीत होता आणि मी नुकताच मास्तर झालो होतो, म्हणून मलाही घेतलं. इंजिन बदलून मिळालं नाही तर मामाकडे ना गाडी राहणार होती, ना पावसाळ्यात नांगराला जुंपायला बैल. आम्ही निघालो तेव्हा मामी दारात आलीसुद्धा नाही.

रस्ता म्हणजे धूळ आणि गाडीवाटेच्या चाकोऱ्या. काका बैलांपुढे, मामा बाजूने चालत, आणि मी साहेबासारखा स्टिअरिंग धरून. करायला काही नव्हतं म्हणून मी मैलांचं मीटर बघत बसलो. आकडा हळूच पुढे सरकला. मला वाटलं, डोळे फसले. इंजिन मेलेलं, मग मैल कसले वाढतायत?

अंबरनाथला देवळाजवळ ओढ्याकाठी बैल सोडले. तुम्ही गेलात तर देऊळ बाहेरून सावकाश बघा, एकेका दगडावर नजर अडकते. माझी मात्र अडकली नाही. तांदळाची भाकरी आणि सुकट खाताना मी मामाला मीटरचं विचारलं.

"जुनी वस्तू हाय, चालायचंच," मामा म्हणाला.

मग तो आणि काका त्या हिवाळ्यातल्या भाताबद्दल बोलू लागले. आमच्याकडे लावणीला सगळे एकमेकांच्या शेतात राबतात. त्याला सावड म्हणतात. मामाने आपली सावड त्या वर्षी जीपने फेडली होती. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, त्याला लोहाराने बनवलेला ड्रम जोडायचा, ड्रमवरून पट्टा टाकून गिरणीचं जातं फिरवायचं. सकाळी सुरू केलेलं इंजिन दिवस मावळताना बंद व्हायचं. अख्ख्या गावाचं भात त्याने असं भरडून दिलं होतं. ऐकता ऐकता मला काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते कळेना.

कॅम्पात सगळ्या लष्करी बराकी एकसारख्या. आम्ही दोनदा चुकलो. शेठ वयस्कर, मऊ बोलणारा. त्याने आधी पापड आणि पाणी पुढे केलं. जेवण नाही, नुसताच पापड! मामा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. सिंध्यांकडे पाहुण्याचं असंच स्वागत होतं, हे मला फार उशिरा समजलं.

शेठने मीटर वाचलं आणि इंजिन बसवताना कागदावर लिहिलेला आकडा त्यातून वजा केला. "चार हज़ार एक सौ! साईं, ढाई महीने में दिल्ली हो आए क्या?"

"कल्यानच्या पुढं गाडी गेली नाय, शेठ. देवाची आन!"

शेठ बराच वेळ बैलांकडे बघत राहिला. "जो आदमी बैल से जीप खिंचवाके लाए, वो झूठ क्या बोलेगा? मीटर ही बिगड़ा होगा." इंजिन बदलून द्यायचं लिहायला त्याने कागद ओढला आणि टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावातून निघाल्यापासून मीटर आठ मैल वाढलं होतं, आणि रस्ताही साधारण तेवढाच. मीटर ठणठणीत होतं. ते चाकांचे फेरे मोजत होतं, मग चाकं रस्त्यावर फिरोत की जॅकवर.

"शेठजी, मीटर बराबर है," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

मामा माझ्याकडे बघतच राहिला. "आरं, पन गाडी तर उभी व्हती!"

शेठने टाक खाली ठेवला. "गाँव से पैसा लिया?"

"पैसा कसला? सावड हाय ती."

मी मोडक्या हिंदीत सावड समजावली.  शेठने कागदाची घडी घालून ती मामाच्या हातात दिली. "इंजन तो पूरा चला है, भाऊ. लिखे से ज़्यादा चला है. पापड तो खाओ."

परतीच्या वाटेवर मामा एकच वाक्य बोलला. "तुला कोनी इचारलं व्हतं का?" मला रडू आलं, पण बैलांच्या धुळीचं निमित्त होतं.

जीप भंगारात गेली. पावसाळ्यात मात्र मामाचं शेत पडीक राहिलं नाही. ज्यांचं भात त्या चाकाने भरडलं होतं, त्यांचे बैल पाळीपाळीने आले. दगडूकाकांची जोडी सर्वांत आधी.

मी बरोबर केलं का? साठ-सत्तर वर्षं झाली, अजून कळलेलं नाही. मामा त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. तो गेल्यावर मामीने फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "तुलाच द्यायला सांगितलंय," एवढंच म्हणाली. सोडून बघितलं, तर जीपचं मीटर. काच लख्ख पुसलेली होती.