भरून ठेवलेलं घर

माझ्या नवऱ्याला घर बंद करायला भारी आवडतं. लोक सुट्टीवर निघताना पासपोर्ट बघतात, तिकिटं बघतात, आणि हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाथरूममध्ये बादल्या भरत उभा.

दर उन्हाळ्यात कुवेतमधला, जाब्रियातला आमचा फ्लॅट महिना-दीड महिना बंद असतो. बाहेर अशी आग की बाथरूमच्या जाळीखालचं पाणी चार दिवसांत आटतं. ते आटलं की गटाराचा वास वर येतो आणि वासामागून झुरळं. मी क्लिनिकच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं मलमूत्र तपासते, मला सहसा किळस येत नाही. पण पहिल्या वर्षी सुट्टीवरून परत आलो आणि दार उघडलं, तेव्हा मी जिन्यातच ओकले. कट्ट्यावर, दुधाच्या पातेल्यात, मुलांच्या जुन्या फोटोवर, जिकडे बघावं तिकडे ती लालसर, ओली वळवळ. नवऱ्याने चप्पल हातात घेतली आणि चपलेखाली कचकच आवाज होत राहिला. तो आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो.

तेव्हापासून त्याने घर बंद करायचं शास्त्रच काढलं. प्रत्येक जाळीत पाणी, पाण्यावर चमचाभर तेल, म्हणजे ते उडत नाही. कमोड भरलेला. बादल्या, टब, पिंप, गच्चीवरची टाकी, सगळं काठोकाठ. एसी मंद चालू. किल्ली हारिसकडे, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडे, त्याने अधूनमधून येऊन पुन्हा पाणी ओतायचं. इथल्या मराठी मंडळींत त्याचा एवढा नावलौकिक झाला की लोक सुट्टीला निघताना फोन करून विचारायला लागले. हा फोनवर नाकाने कांदे सोलत सगळ्यांना समजावून सांगणार. शुऐबाच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे ना, मग काय, पाणी आणि पाईप यांवर जगात ह्याच्याएवढं कळतंच कुणाला!

कुवेतमध्ये हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ह्याने हिमाचलात घर घेतलं.

उन्हाचा वीट आला म्हणून घेतलं. एका सुट्टीत फिरायला गेलो, देवदारांच्या उतारावर एक छोटं घर विकायला होतं, ह्याने गार वाऱ्यात उभं राहून डोळे मिटले आणि संपलं. मी म्हणाले, अरे आपण लातूरकडची माणसं, तिथे आपलं कोण आहे? तर म्हणे, कुवेतमध्ये तरी कोण आहे? वर्षातून एकदा सुट्टीत राहायचं, एरवी घर बंद, असा बेत होता. मग पहिला हिवाळा यायच्या आतच ह्याच्या कंपनीने सांगितलं की येत्या मार्चनंतर करार वाढणार नाही. करार संपला की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपला, आणि इकामा संपला की आपल्याला इथे उभं राहायचीही परवानगी नाही. आता ते सुट्टीतलं घर हेच आमचं घर होणार होतं.

आणि सासूबाईंचंही. खरं तर मला चिंता त्यांचीच होती.

सासूबाई लातूरला थोरल्या दिरांकडे असतात. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात नातवंडांचा अभ्यास. त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, म्हणजे सगळ्यांचं टीव्ही बघून होईपर्यंत त्याच दिवाणाच्या कोपऱ्यावर अंग चोरून बसून राहतात. जाऊबाई वाईट नाहीत, पण जागाच नाही तर त्या तरी काय करणार? नवऱ्याने आईला शब्द दिला होता: मार्चमध्ये मी परत येतो, मग तू आमच्याकडे, खालची खोली तुझी. मी त्यांना थंडीचं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "थंडी सोसंल गं मला. दार लावून निजायला मिळंल की."

म्हणून ऑक्टोबरमध्ये रजा काढून आम्ही तिकडे गेलो. खालची खोली रंगवली, नवी गादी आणली, शेजारचं बाथरूम नीट करून घेतलं. मार्चला आलो की सासूबाईंना तिथे आणायचं. फक्त एक हिवाळा घर बंद राहणार होतं.

निघायच्या दिवशी हा पँट दुमडून उभा! म्हातारीच्या बाथरूममध्ये पिंप भरलं, बादल्या भरल्या, कमोडची टाकी भरली, जाळीत पाणी आणि वर तेलाचा चमचा. छतावरची टाकी काठोकाठ. शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले. निवृत्त बँकवाले, बोलायला गोड. म्हणाले, "भाईसाहब, जाने से पहले सारा पानी निकाल दीजिएगा. मेन वॉल्व बंद करके नल खुले छोड़ दीजिए, टंकी भी खाली." हा हसला. म्हणाला, हम लोग बरसों से घर बंद करते आए हैं. मी मागून म्हणाले, अरे ते सांगतायत तर ऐक. तर मलाच म्हणे, "तू टॅक्सीचं बघ." पालथ्या घड्यावर पाणी. गादीवरचं प्लॅस्टिकही काढू दिलं नाही, म्हणे धूळ बसेल. धूळ! देवदाराच्या रानात कुवेतची धूळ येणार होती.

डिसेंबर-जानेवारीत कुवेतलाही चांगली थंडी पडते. ऑफिसातली माणसं वाळवंटात तंबू ठोकून शेकोट्या करतात, आम्ही गॅलरीत स्वेटर घालून चहा पितो. हा शेजाऱ्यांकडून बर्फाचे फोटो मागवायचा. छपरावर बर्फ, कुंपणावर बर्फ. आईला पाठवायचा, "बघ, तुझं घर." त्या म्हणायच्या, "पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं दिसायलंय." मलासुद्धा क्षणभर छान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या बर्फाखाली आत काय चाललंय हे फोटोत दिसत नव्हतं. पाणी गोठलं की फुगतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पाईपमध्ये जागा नसेल तर पाईप फोडतं. पण फुटलेला पाईपसुद्धा बर्फ वितळेपर्यंत गप्प राहतो.

फेब्रुवारीत तिकडे ऊन पडलं आणि शुक्रवारी आम्ही जेवत असताना शेजाऱ्यांचा व्हिडिओ आला. त्यांना दाराखालून पाणी येताना दिसलं होतं, ते आम्ही त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने आत गेले होते. आधी भिंत दिसली, भिंतीतला पाईप उभा चिरलेला. मग कमोड, मधोमध दुभंगलेला. जमिनीखालची मैल्याची टाकी तुंबून गटार वर आलं होतं आणि ते काळं-पिवळं पाणी खालच्या खोलीभर पसरून जागच्या जागी सडलं होतं. तेलाचा तवंगही दिसत होता वर, आमच्या चमचाभर तेलाचा. शेजाऱ्यांनी काठीने गादीवरचं प्लॅस्टिक उचललं. आत पाणी शिरून कोंडलं होतं. गादी काळी पडली होती, तिला केस फुटावेत तशी बुरशी, आणि कोपऱ्यात उंदरांनी कापूस उकरून घर केलं होतं. त्यात गुलाबी, आंधळी पिल्लं हलत होती. शेजारी नाकाला रुमाल लावून म्हणत होते, "देखिए भाईसाहब, देखिए." मी ताट बाजूला सारलं.

आणि हा जेवत होता! डाव्या हातात फोन, उजव्या हाताने वरणभात कालवतोय. व्हिडिओ पुन्हा लावला, मोठा करून बघितला, घास घेतला आणि म्हणाला, "पाईप हलका वापरलाय कंत्राटदाराने." मला त्या गटाराची जेवढी किळस आली नाही तेवढी ह्याच्या बोटांवरच्या त्या भाताची आली. मी म्हणाले, "पाईपला काय बोलतोस? पाणी कुणी भरलं?" तर म्हणे, "तिकडे घर कसं बंद करतात हे आधी कुणी सांगितलं आपल्याला?" आपल्याला! कुंपणापाशी उभा राहून तो माणूस दुसरं काय सांगत होता?

दुरुस्तीवाल्याने पावसाळ्याच्या आत काही होणार नाही म्हणून कळवलं. लाकडी जमीन उखडायची, भिंत फोडायची, खालची टाकी उपसायची. मार्च तर तोंडावर आला होता. आम्ही दोघं कुठेतरी भाड्याने राहिलो असतो, आमचं काय अडतं? पण सासूबाईंना कळवायला हवं होतं. पुढचा शुक्रवार आला. दर शुक्रवारी हा आईला फोन करतो. त्या दिवशी त्याने आंघोळ लांबवली, मग गाडी धुवायला खाली गेला, मग वर येऊन फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. तुला जमतं." जमतं म्हणे! तोंडावर शहाणपण मिरवायला हा, आणि तोंड लपवायचं असलं की मी. मला वीट आला त्याचा, अगदी मनापासून.

मी सासूबाईंना काहीही गोड करून सांगितलं नाही. म्हटलं, घर नासलं आई. तुमच्या लेकाने सगळीकडे पाणी भरून ठेवलं होतं, ते गोठलं आणि सगळं फोडून टाकलं. तिकडे थंडीत घर रिकामं करून ठेवायचं असतं.

त्या म्हणाल्या, "मीच शिकीवलंय गं त्याला. आमच्याकडं आठ-आठ दिस नळ यायचा नाही. गावाला निघताना मीच म्हणायचे, एकबी भांडं रिकामं ठेवू नको बाळा, आल्यावर तोंड धुवायला पाणी नसंल." आणि मग, "लई बोललीस का त्याला? नको बोलूस. चूक माझीच हाय."

एवढा राग होता, तो ठेवायचा कुठे? समोर तो सोफ्यावर बसून गाडीची किल्ली उगाच पुसत होता.

"मग बांधलेलं सोडू का?" सासूबाईंनी विचारलं.

"काय बांधलेलं?"

"बोचकं की. दिवाळीतच बांधून ठेवलंय दिवाणाखाली. लुगडी, स्वेटर, देव. थोरलीला झाडताना रोज सरकवावं लागतंय, बोलायलीय ती. आता येणं नाही तर सोडू का?"

फोनचा आवाज मोठा होता, त्यालाही ऐकू गेलं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि हाताने खूण केली, हो म्हण, सोडायला सांग. खाली मान घालून, दोन बोटांनी, माशी उडवावी तशी.

"सोडू नका," मी म्हणाले. "मार्चमध्ये तुम्हाला न्यायला येतोय आम्ही."

"कुठं नेणार गं?"

मी फोन त्याच्या हातात दिला.