आधी बोटांनी, मग पान्याने

पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी घरी अशी काही बातमी दिली, की जणू उत्तर सीमा मला एकट्यालाच सांभाळायची होती. प्रत्यक्षात माझ्या ताब्यात आला एक पेट्रोल जनरेटर. बर्फातली पोस्ट, सतरा जवान. वायरलेस सेटच्या बॅटऱ्या त्या जनरेटरवर चार्ज व्हायच्या. बायको पाहुण्यांना अजून सांगते, "यांनी देशासाठी इंजिन पुसलं." खोटं नाही ते.

तो जनरेटर एकदा माझ्यामुळे चाळीस मिनिटं बंद राहिला. ते मात्र मी घरी कधी सांगितलं नव्हतं.

मी नाईक, मेकॅनिक. माझ्या हाताखाली लान्स नाईक रमण दुमाडा. मी बोईसरचा, म्हणजे वडील साताऱ्याकडून कारखान्यात आले म्हणून बोईसरचा. रमण पुढच्याच स्टेशनचा, वाणगावच्या आतल्या पाड्यावरचा. मी त्याचा सीनियर, पण तो मला 'वस्ताद' म्हणायचा तेव्हा तोंडावर हसू असायचं.

स्पार्क प्लग बसवायची त्याची एक रीत होती. प्लगच्या डोक्यावर वीतभर रबरी नळी खोचायची आणि नळी बोटांनी फिरवायची. प्लग वाकडा लागला तर नळी नुसती घसरते, आटे खराब होत नाहीत. पाना शेवटी, आवळण्यापुरता.

"आधी बोटांनी, वस्ताद. पाना आंधला हाय."

मी म्हणायचो, "तू मला शिकवणार?"

त्या दिवशी सकाळी सहा वाजता पाच जणांची गस्तीची पार्टी निघाली. नऊ वाजता जनरेटर सुरू होईना. प्लग काढला, साफ केला. रमण स्टोअरमध्ये होता. थंडीत हातमोजा काढायचा मला कंटाळा आला, आणि मी सरळ पान्याने प्लग बसवला. दोन फेऱ्यांनंतर जड लागला. थंडीमुळे असेल, असं म्हणून जोर दिला. मग तो एकदम सैल झाला आणि अल्युमिनियमचा चुरा बाहेर आला. इंजिनाच्या हेडचे आटे गेले होते. वेळ ९.१०.

सुभेदारसाहेब आले. "बॅटरी?"

"खतम है, साब. सेट बंद."

"कितना टाइम?"

स्टोअरमधून आलेला रमण मागून म्हणाला, "चालीस मिनट, साब."

आटे पाडायचा टॅप पोस्टवर नव्हता. रमणने एक जुना प्लग घेतला, हॅकसॉच्या पात्याने त्याच्या आट्यांवर तीन उभ्या खाचा पाडल्या आणि खाचांत ग्रीस भरलं. मग तो प्लग अर्धी फेरी आत, पाव फेरी मागे, असा बोटांनी फिरवत राहिला. चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येत होता. बोटं निळी पडली होती.

"वरचे गेले. खालचे आटे जिते हायेत."

प्लगशिवाय दोरी ओढून उरलासुरला चुरा उडवला. नवा प्लग रबरी नळीने बसवला. ९.५० ला इंजिन सुरू झालं.

सेट लावल्याबरोबर आवाज आला. "सवा नौ से बुला रहे हैं. एक जवान का पैर टूटा है. स्ट्रेचर पार्टी भेजो. ओवर."

चार जण हवे होते. मी उठलो. रमणने मला खाली बसवलं. "तू इंजिनापाशी थांब. तुझे आटे हायेत, तूच राख."

सुभेदारसाहेबांनी होकारार्थी मान हलवली, आणि माझ्या जागी रमण पार्टीबरोबर निघाला.

साडेदहाला वरच्या उतारावर ऊन आलं. १०.४० ला नाल्यात पार्टीवर बर्फ घसरला. तिघे स्वतः बाहेर आले. रमण ११.३० ला बर्फाखाली सापडला, तोवर गेला होता. जखमी जवान वाचला.

पार्टी सव्वानऊला निघाली असती, तर ऊन येण्यापूर्वी नाला ओलांडून गेली असती. रिपोर्टमध्ये 'थंडीमुळे बिघाड' असं लिहिलं जात होतं. मी म्हटलं, "साब, थंडी नहीं. मैं."

सुभेदारसाहेबांनी लिहिणाऱ्याला खूण केली. "ठंड ही लिखने दो," म्हणाले.

रिटायर झालो. आता बोईसरला एका कारखान्यात इंजिनं सांभाळतो. दरवर्षी रमणच्या घरी जातो. त्याची बायको सुनंदा भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढते. मी जेवतो, रमणचे किस्से सांगतो, तिला हसवतो आणि परत येतो. चाळीस मिनिटं गिळून.

यंदा तिचाच फोन आला. मिरचीच्या वाफ्यांना पाणी देणारा पेट्रोल पंप बंद होता. गेलो. बघतो तर प्लगच्या भोकाचे आटे साफ गेलेले.

"मीच पाना लावला, भाऊ," ती म्हणाली. "ते असते तर वरडले असते."

आता बाजारात किट मिळतं. नवे मोठे आटे पाडायचे आणि त्यात स्टीलची, स्प्रिंगसारखी वळी बसवायची. मी काम करत होतो, आणि मान वर न करता सगळं सांगून टाकलं. नऊ दहा, नऊ पन्नास, दहा चाळीस.

ती बांधावर बसली होती.

"इतकी वर्सं माझ्या घरी जेवलात," ती म्हणाली, "नि आज सांगता?"

वळी बसली होती. मी प्लग उचलला. तिने तो माझ्या हातातून घेतला. मी रबरी नळी पुढे केली, तीही घेतली. वाकून बोटांनी फिरवू लागली. एकदा नळी घसरली. तिने प्लग मागे घेतला, सरळ धरला, पुन्हा फिरवला.

"किती जायला पायजे?"

"बोटांनी जाईल तेवढा."

प्लग पूर्ण आत गेला. तिने पाना उचलला, क्षणभर हातात धरला आणि माझ्यापुढे केला.

"आवळा, भाऊ. मिरची सुकते."

पंप पहिल्या ओढीला सुरू झाला. पाणी वाफ्यात शिरलं, तशी ती खोरं घेऊन पुढे गेली. मी सवयीने इंजिनापाशी थांबलो.

लान्स नाईक रमण दुमाडा. त्याने बसवलेला प्लग मी ती पोस्ट सोडेपर्यंत सैल झाला नव्हता.