जांभळा ठसा

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो. लॅबमध्ये वर्षभरात काचेचं बहुतेक सगळं फुटतं, किस्से तेवढे शाबूत राहतात!

*

निनहायड्रिन नावाचं एक रसायन आहे. अमिनो ॲसिडवर पडलं की जांभळा रंग येतो. आणि आपल्या घामातही अमिनो ॲसिड असतात, बरं का!

नवीन नोकरीत ग्लोव्ह्ज न घालताच मी फवारा मारला आणि जांभळी बोटं घेऊन घरी गेलो. बायकोनं हात निरखून पाहिले.

"मतदान केलंत ते ठीक. पण दहाही बोटांनी?"

*

आमचे लॅब अटेंडंट मल्लप्पा मामा अक्कलकोटकडचे. सोमवारी अंड्याला शिवत नाहीत. त्यामुळं प्रोटीनची टेस्ट इतर बॅचेस अंड्यावर करतात आणि सोमवारची बॅच हरभऱ्याच्या डाळीवर.

मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, प्रोटीनला काय सोमवार असतो का?"

"प्रोटीनला नसंल सर. मला हाय की!"

*

तोंडी परीक्षेत एकाला विचारलं, "प्रोटीनची घडी कधी विस्कटते?"

"मे महिन्यात, सर. सोलापुरात."

हवं होतं ते उत्तर ‘तापल्यावर’. अर्धा मार्क दिला. फॅन बंद होता.

*

करकंबची सुवर्णा डोक्यानं तल्लख. प्रोटीनच्या रचनेची चौथी पातळी, म्हणजे अनेक साखळ्या एकत्र कशा नांदतात, ते विचारलं तर म्हणाली, "हिमोग्लोबिन म्हंजी चौघांचं बिऱ्हाड, सर. एकाला ऑक्सिजन मिळाला की बाकीचे लगीच हात पुढं करत्यात."

पुस्तकात चार पानं खर्ची घातलीत हो यासाठी!

*

पण हीच सुवर्णा प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाली. कागदावर अमिनो ॲसिड वेगळे करायचे, कागद वाळवायचा, निनहायड्रिन मारून तापवायचा, की जांभळे ठिपके दिसतात. हिला परीक्षेत तळहाताला घाम फुटायचा आणि ठिपक्यांच्या जागी बोटांचे ठसेच उमटायचे. या खेपेला घरून निक्षून सांगितलेलं, नापास झालीस तर शिक्षण बंद. मलाच धाकधूक होत होती.

तिनं दोन्ही हातांत दोन-दोन ग्लोव्ह्ज चढवले. बाहेरून आलेले परीक्षक वाळत घातलेले कागद उचलून उचलून बघत फिरत होते. शेवटी तिचा कागद ओव्हनमधून निघाला. पाच ठिपके, अगदी सुरेख. आणि मधोमध एक भलाथोरला अंगठा!

"तिसऱ्यांदा तेच?" तिच्या आधीच्या दोन निकालांवरचा शेरा पाहत परीक्षकांनी पेन उघडलं.

सुवर्णा रडवेली झाली, पण कागदावरनं नजर हलवेना.

"सर, ह्या ठशात आडवा व्रण हाय," ती परीक्षकांना हळूच म्हणाली. "माझ्या अंगठ्याला न्हाय. तुमचा अंगठा दावा की जरा."

परीक्षकांनी अंगठा पाहिला. मग कागद. मग पुन्हा अंगठा. मामा हसू लपवायला खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

परीक्षकांनी मुकाट्यानं मार्क लिहिले आणि मला मार्कांची यादी दाखवली. पास! माझा जीव भांड्यात पडला.

जाता जाता ते माझ्या कानाशी आले.

"पुढच्या वर्षी माझ्या मापाचे ग्लोव्ह्ज मागवून ठेवा."