हळदीच्या डब्यातल्या पुड्या

"तुह्या मायचं हाडच कुजकं, त्याले मी काय करू?"

भरल्या दवाखान्यात डॉक्टर असं बोलला. एक्स-रे त्यानं टेबलावरून सरकवला. तो खाली पडला. मी वाकून उचलला. भिंतीशी उकिडव्या बसलेल्या बाया हसल्या. नांदुऱ्यातल्या त्याच्या दवाखान्यात खुर्च्या होत्या, पण वावरात निंदायला जाणाऱ्या बायांनी खालीच बसायचं, असा रिवाज. माय अकरा वर्षं तशीच बसली.

तिचे गुडघे दुखायचे. तो पांढऱ्या गोळ्या पाकिटातून सोडवून वर्तमानपत्राच्या पुडीत द्यायचा. नाव नाही, चिठ्ठी नाही. "ताकदीची गोळी हाये." दुसऱ्या दिवशी माय वावरात. तिचं तोंड गोल झालं तेव्हा बाया म्हणाल्या, "भरली वं तू." परसातली पहिली वांगी त्याच्या घरी मीच नेऊन द्यायचे. बी.एस्सी. झाले तेव्हा आधी त्याच्या पाया पडले. ते अजून सलतं.

एका सकाळी बादली उचलताना मायच्या खुब्यातून कट्कन आवाज आला. ती पडली नव्हती. नुसती वाकली होती.

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मायला विचारलं, "किती वर्षं स्टिरॉइड घेता?"

"ते नाही घेत बाई. मी तं ताकदीची गोळी घेतो."

त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मग म्हणाल्या, "त्याच गोळीनं हाडं आतून पोकळ झाली."

म्हणून मी त्याच्याकडे गोळीचं नाव विचारायला गेले होते. एक्स-रे उचलून मी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"गोळीचं नाव लिहून द्या."

"चार बुकं शिकली तं मले शिकवतं काय? ऊठ."

मी उठले नाही.

"पुरावा हाये काय तुह्यापाशी?"

होता. दुखणं कमी असेल त्या दिवशीची गोळी माय अडीनडीला हळदीच्या डब्यात ठेवायची. पुडीसकट. डबा भरला होता. तक्रार लिहून मी तो औषध निरीक्षकांकडे दिला. गल्लीतल्या बायांच्या पुड्याही गोळा करून राहिले आहे. प्रत्येकीला बजावते, "एकदम बंद करू नको, जिवाले धोका हाये. पयले सरकारी दवाखान्यात दाखव."

परवा त्याचा माणूस आला. "साहेब म्हणते, आपसात मिटवू. मायले पाहाले येतो म्हणते."

खाटेवरून माय म्हणाली, "येऊ दे वं. देवमाणूस हाये."

मी दार लावून घेतलं.

मायला आता उकिडवं बसता येत नाही. यापुढे कधीच येणार नाही. त्याला मी डॉक्टरच्या खुर्चीत बसू देणार नाही.