चंद्रावर बसवलेला पंखा

बसा, चहा घ्या, पण हसायचं ते शेवटी हसा. आधीच दमलोय मी. दोन महिने कॉलेजात ज्याला त्याला हेच सांगतोय. आता तुम्हालाही सांगून टाकतो, म्हणजे सुटलो.

मी जळगावजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. बावीस वर्षं झाली. उष्णता हाच माझा विषय. यंदा एक स्पर्धा निघाली: चंद्राच्या जमिनीवर ठेवायची दुर्बीण तयार करा. आमच्याकडून शेवटच्या वर्षाची उज्ज्वला उतरली आणि मार्गदर्शक मी. निवड झाली तर तिला बंगळूरच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम मिळणार होतं. मुक्ताईनगरहून रोज एसटीने येणारी पोर ती. तिच्यासाठी ते केवढं मोठं होतं, वेगळं सांगायला नको.

अडचण एकच. चंद्रावर दिवसा जमीन उकळत्या पाण्याहून जास्त तापते, आणि दुर्बिणीमागचा कॅमेरा मात्र थंड पाहिजे. नाहीतर फोटोत तारे कमी, ठिपके जास्त.

आता तापण्याबद्दल जळगावच्या माणसाला कोण शिकवणार? मी थेट आमचे कूलर दुरुस्त करणारे नाना गाठले. नाना पान्याने डोकं खाजवत म्हणाले, "इतला काय इचार करतस सर? पंखा बसाडा. बठ्ठं थंडं हुई जाई."

मला पटलं. हो, पटलं. काय करू?

दुसऱ्या दिवशी आराखड्यात पंखा आला. उज्ज्वला म्हणाली, "सर, पंख्याचं जरा..."

"वजन ना? बघू."

"वजन नाही सर, तिथे..."

"उज्ज्वला, मेमध्ये तुमच्या घरी कूलर लावता की नाही?"

"लावतो सर."

"मग?"

तिने वहीत काहीतरी खरडलं. मला वाटलं, पटलं तिला.

पंख्याला बॅटरी आली. बॅटरीला सोलर पॅनल आलं. पॅनलच्या वजनाला जाड पाय आले. मग पंख्याची मोटारच तापायला लागली, म्हणून तिच्यासाठी दुसरा पंखा. नाना तर वाळ्याच्या जाळ्या आणि पाण्याची टाकी लावायला निघाले होते. टाकीला मात्र मी नाही म्हटलं. तेवढी अक्कल शाबूत होती.

भर मेमध्ये, बारा वाजता, गच्चीवर चाचणी घेतली. कॅमेरा झकास थंड. घामाने निथळत मी नानांना मिठी मारली.

अंतिम फेरी पुण्यात. समोर परीक्षक म्हणून एक पिकल्या केसांच्या शास्त्रज्ञ बाई. पंख्यांवर मी दहा मिनिटं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, हा पंखा काय ढकलतो?"

"हवा."

"कुठली?"

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी चंद्रावर हवा नाही हे मला पहिल्यांदा कळलं असं नाही. माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं. पण माहीत असलेलं माझ्या डोक्यात आणि पंखा जळगावच्या गच्चीवर, दोघांची गाठच पडली नव्हती. उज्ज्वलाचं बंगळूर माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

तेवढ्यात उज्ज्वला उठली. "मॅडम, दुसरा आराखडाही आहे." तिने पिशवीतून कागद काढला. पंखा नाही, बॅटरी अर्धी, पाय बारीक. कॅमेऱ्याला जोडलेला एक पत्रा, उन्हापासून आडोशाला, काळ्या आकाशाकडे तोंड करून. उष्णता आपली आपण आकाशात निघून जाणार.

बाईंनी कागद दोनदा पाहिला. "छान. निवड झाली समज. हे कुणी शिकवलं तुला?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "सरांनीच. दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या नोट्समध्ये सगळं आहे."

बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि उज्ज्वलाला म्हणाल्या, "बंगळूरला जाण्याआधी त्या नोट्सची एक झेरॉक्स सरांना देऊन जा."